आकडे जोडीने वाचा: मधुमेह नुकताच कळलेल्यांसाठी साखर मोजण्याची रीत

मधुमेह असल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण दोन गोष्टी करतात. साखरेचा डबा हाताला लागणार नाही असा वरच्या फळीवर ठेवतात आणि ग्लुकोमीटर आणतात. अकरा वर्षांपूर्वी मीही तेच केलं. रोज सकाळी उठल्या उठल्या बोट टोचायचं आणि आकडा वहीत उतरवायचा. ११८, १२४, ११५, १२१. पानांमागून पानं अशीच भरली, आणि मी निर्धास्त होते. सहा महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, केली तर ती आली ७.६ टक्के. म्हणजे माझी सरासरी साखर १७१ च्या आसपास होती आणि मी वहीत १२० लिहीत बसले होते.

मीटर बरोबर होतं, वहीही खरी होती. पण मी दिवसातला एकच क्षण मोजत होते, आणि नेमका तोच माझा सगळ्यात चांगला क्षण होता. बाकीची साखर जेवणानंतरच्या तासांमध्ये होती आणि तिकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. हे उमगायला मला वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

हे मुख्यतः टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. टाइप १ असेल किंवा गरोदरपण असेल तर मोजण्याची रीत हीच, पण लक्ष्य आणि इन्सुलिनचा हिशेब वेगळा असतो, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलीटरमध्ये आहेत. तुमचं मीटर ६.५, ८.२ असे छोटे आकडे दाखवत असेल तर ते मिलिमोलमध्ये आहे, १८ ने गुणा.

पायरी १: औषधाच्या चिठ्ठीबरोबर तीन उत्तरंही घेऊन या

पहिली भेट घाईत होते. डोकं सुन्न असतं, डॉक्टर सांगतात त्यातलं निम्मं कानावरून जातं. म्हणून कागदावर तीन प्रश्न लिहून न्या.

पहिला, माझा मधुमेह कोणत्या प्रकारचा? टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं हार्मोन, बनवतं, पण स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत, आणि जास्तीचं काम करून करून स्वादुपिंड थकत जातं. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. टाइप १ लहान मुलांनाच होतो असं अनेकांना वाटतं, पण तो चाळिशीतही सुरू होऊ शकतो. वजन झपाट्याने उतरत असेल आणि गोळ्यांना साखर बधत नसेल, तर हा प्रश्न पुन्हा विचारा.

दुसरा, माझं लक्ष्य काय? अमेरिकन डायबेटिस असोसिएशन बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३०, जेवायला बसल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत, असं सांगते. पण हे सरसकट सगळ्यांना लावायचं नसतं. साखर जितकी खाली तितकं बरं, हा समज अमेरिका आणि कॅनडातल्या 'अ‍ॅकॉर्ड' अभ्यासाने मोडला. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या टाइप २ रुग्णांची एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा त्यात जोरदार प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होताहेत असं दिसल्यावर २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. वय झालेल्या, किडनी किंवा हृदय अशक्त असलेल्या, साखर वारंवार खाली जाणाऱ्या माणसाला डॉक्टर ८ च्या आतलं लक्ष्य देतात ते निष्काळजीपणाने नव्हे. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावून घेऊ नका.

याच्याच जोडीला ब्रिटनमधला 'यूकेपीडीएस' अभ्यास सांगायला हवा, कारण तो नुकतंच निदान झालेल्यांवर, म्हणजे तुमच्यासारख्यांवरच झाला होता. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. साखर जास्त काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या तक्रारी सुमारे २५ टक्क्यांनी कमी होत्या. पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची एचबीए१सी सारखीच झाली, तरी दहा वर्षांनंतरही सुरुवातीला साखर सांभाळलेल्यांना त्याचा फायदा मिळतच होता. सुरुवातीची ही वर्षं शरीर विसरत नाही. 'बघू पुढे, अजून काही त्रास नाही' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

तिसरा प्रश्न, मला दिलेल्या औषधाने साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते का? या उत्तरावर तुमचं पुढचं बरंच वेळापत्रक ठरणार आहे. त्याबद्दल पायरी ७ मध्ये सविस्तर.

पायरी २: एचबीए१सी काय सांगते आणि काय सांगत नाही

तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात फिरणारी साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली ते ही तपासणी मोजते, म्हणून ती दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद ठरते. अंदाजाने ६ टक्के म्हणजे सरासरी १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. उपाशीपोटी जायची गरज नाही. औषध बदलत असेल किंवा लक्ष्य गाठलेलं नसेल तोवर दर तीन महिन्यांनी, आणि सगळं स्थिर झालं की वर्षातून दोनदा करावी.

सरासरीची अडचण अशी की रोज ६० आणि २५० मध्ये हेलकावे खाणाऱ्याचा आणि १५० च्या आसपास शांत राहणाऱ्याचा ताळेबंद सारखाच दिसू शकतो. शिवाय रक्तपेशींमध्येच काही गडबड असेल तर आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असला तर तो खोटाच वर जाऊ शकतो, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर बहुतेक वेळा खाली. घरचे आकडे आणि एचबीए१सी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन किती आहे ते डॉक्टरांना विचारा.

पायरी ३: बोट नीट टोचायला शिका

हा भाग क्षुल्लक वाटतो, पण चुकीच्या आकड्यावर घेतलेला निर्णय चुकीचाच होतो, म्हणून मी इथे थोडी थांबणार आहे.

एकदा दुपारी मीटरने २४७ दाखवलं. जेवून चार तास झाले होते, वेगळं काही खाल्लं नव्हतं. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की पाच मिनिटांपूर्वी घरातल्यांसाठी फळाच्या फोडी केल्या होत्या आणि हात नुसते पदराला पुसले होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून त्याच हाताचं दुसरं बोट टोचलं: १३१. बोटावर न दिसणारा फळाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. त्या २४७ वर विसंबून कोणी इन्सुलिन जास्त घेतलं असतं तर?

तेव्हा आधी हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ओलसर बोटाने थेंब पातळ होतो आणि आकडा उतरतो. कोमट पाणी घेतलं तर रक्तही सहज येतं. बोटाच्या मधोमध टोचू नका, तिथे दुखतं फार. नखाच्या बाजूची कड निवडा आणि रोज बोट बदला. हात खाली सोडून हलकेच दाबा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळून काढलं तर रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही येतं. बाहेर असाल आणि हात धुण्याची सोय नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरा. लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, दर वेळी नवी घ्यावी, आणि स्वतःची लॅन्सेट किंवा टोचायचं पेन कधीही दुसऱ्याला देऊ नये, घरातल्यांनाही नाही. स्ट्रिपची (मीटरमध्ये घालायच्या, रक्ताचा थेंब टिपणाऱ्या पट्ट्यांची) डबी लगेच घट्ट बंद करा, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. मुदत संपलेली स्ट्रिप वापरू नका.

मीटरची मर्यादाही माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साखर १०० किंवा त्याहून जास्त असताना शंभरातल्या ९५ मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असल्या की मीटर पास होतं. म्हणजे खरी साखर १५० असेल तर १२८ ही चालतं आणि १७२ ही चालतं. तेव्हा काल १४२ आणि आज १५० आली म्हणून जीव खालीवर करू नका. लॅबशी ताडून पाहायचं असेल तर उपाशीपोटी, रक्त देतानाच बोट टोचून पाहा. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असते, तेव्हाची तुलना उगाच गोंधळात पाडते.

पायरी ४: जोडी घ्या

आता मुख्य काम. एखादं जेवण निवडा. पहिला घास घेण्याआधी मोजा. पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. हे दोन आकडे मिळून एक जोडी. दोन तास पहिल्या घासापासून धरायचे, जेवून हात धुतल्यापासून नाही. यात अनेकांची चूक होते.

जोडीतला पहिला आकडा सांगतो तुम्ही जेवायला कुठून निघालात, दुसरा सांगतो त्या ताटाने तुम्हाला कुठे नेलं. सुटा १९० काहीच सांगत नाही. १७५ वरून १९० झाली असेल तर ताट बरं होतं, सुरुवातच उंचावर झाली होती. ११० वरून १९० झाली असेल तर त्या ताटाकडे पाहायला हवं. दोन्ही वेळा उपाय वेगळा.

रोज सहा वेळा टोचायची गरज नाही. तीन दिवस फक्त न्याहारीची जोडी घ्या, पुढचे तीन दिवस दुपारच्या जेवणाची, मग तीन दिवस रात्रीची. नऊ दिवसांत १८ स्ट्रिपमध्ये तुमच्या दिवसाचा नकाशा तयार होतो. या नऊ दिवसांत खाण्यात मुद्दाम काही बदलू नका. परीक्षेआधी खोली आवरल्यासारखं ताट आवरलं तर नकाशा खोटा येईल. गोळ्या मात्र सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायच्या.

वहीत आकड्याशेजारी चार शब्द लिहा: किती वाजता, साधारण काय आणि किती, नंतर काय केलं, आणि काही वेगळं घडलं का, जसं की जागरण, ताप, भांडण. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: 'रात्रीचं जेवण, ८.१०. आधी ११६, दोन तासांनी २३४. नेहमीचं ताट, वरून गोड, नंतर बसून.' वर्षभर सकाळी १२० लिहिणाऱ्या बाईला ही ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, थोडं हायसंही वाटलं. ७.६ कुठून येत होती ते सापडलं होतं.

पायरी ५: एका वेळी एकच बदल

नकाशात सगळ्यात मोठी उडी कुठल्या जेवणाची आहे ते बघा आणि तेवढंच जेवण हाती घ्या. सगळं एकदम बदलणारी माणसं तीन आठवड्यांत थकून सगळंच सोडून देतात, आणि कशाचा उपयोग झाला तेही त्यांना कळत नाही.

सगळ्यात आधी गोड पेयं बंद करा, त्यांना प्रयोगाचीही गरज नाही. पेयातली साखर चावावी लागत नाही, तिच्यासोबत तंतू नसतात, ती लगेच रक्तात उतरते. फळाचा रसही त्यातच आला. अख्खं फळ खाल्लं तर तंतूंमुळे साखर सावकाश चढते. मध नैसर्गिक आहे म्हणून साखरेहून निर्धोक, असं मीटर मानत नाही.

मग पिष्टमय पदार्थांचं प्रमाण, म्हणजे धान्यं, पिठाचे पदार्थ, कंदमुळं. पोटात गेल्यावर त्यांची ग्लुकोजच होते. ताटाचा अर्धा भाग पिष्ट कमी असलेल्या भाज्यांचा, पाव भाग डाळी, कडधान्यं, अंडी, मासे यांसारख्या प्रथिनांचा आणि पाव भाग धान्याचा, ही वाटणी लक्षात ठेवायला सोपी आहे. वजनकाटा लागत नाही. क्रमही बदलून पाहा. भाजी आणि प्रथिनं आधी, धान्य शेवटी. ताटात पदार्थ तेच असूनही जेवणानंतरची उडी कमी होते असं अभ्यासांमध्ये दिसलं आहे, आणि हा बदल फुकटात होतो.

तिसरी गोष्ट जेवणानंतरची चाल. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर साखर चढत असतानाच तिला गिऱ्हाईक मिळतं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पाय सरळ करणं, टाचा उचलणं हेही चालेल.

माझ्या त्या रात्रीच्या जेवणाचं काय झालं ते सांगते. गोड काढलं आणि धान्य निम्मं केलं: १२१ वरून १८८. पुढच्या आठवड्यात ताट तेच ठेवून पंधरा मिनिटं चालले: ११४ वरून १५९. तुमचे आकडे वेगळे येतील. म्हणूनच जोडी स्वतः घ्यायची, दुसऱ्याचा तक्ता चिकटवायचा नाही. त्याच पदार्थाने दोन माणसांची साखर वेगवेगळी चढते. एखाद्या ताटाचा निकाल लावण्याआधी दोन-तीन जोड्या तरी घ्या.

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे एकूण उद्दिष्ट ठेवा. सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका, कारण व्यायामाने इन्सुलिनला मिळणारी मदत तेवढ्यात ओसरते. बराच वेळ बसून काम असेल तर अर्ध्या तासाने उठा.

पायरी ६: सकाळचा हट्टी आकडा

'रात्री काही खाल्लं नाही तरी सकाळी १६०!' ही तक्रार नव्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाची असते. साखर फक्त ताटातून येत नाही. रात्रभर तुम्ही उपाशी असता तेव्हा मेंदूला पुरवठा व्हावा म्हणून यकृत साठवलेली साखर सोडत असतं, आणि पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वाढले की ते जास्तच सोडतं. मधुमेहात त्याला आवर घालणारं इन्सुलिन कमी पडतं.

दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर मोजा. झोपतानाच जास्त असेल तर रात्रीच्या जेवणाकडे बघा. झोपताना आणि तीनला ठीक असून सकाळी चढली असेल तर ते यकृताचं आणि पहाटेच्या हार्मोनांचं काम आहे, त्यावर उपाशी राहून उपाय होत नाही, औषधाबद्दल बोलावं लागतं. तीनला ७० च्या खाली दिसली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अपुरी झोप आणि घोरताना श्वास अडकणं यांनीही साखर बिघडते, म्हणून जोडीदार घोरण्याची तक्रार करत असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी ७: साखर खाली गेली तर

७० च्या खाली गेली की उपाय करायचा, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका क्वचितच असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांना तो खरा असतो, कारण ही औषधं तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाहीत.

मी ग्लिमेपिराइड घेत होते त्या काळातली गोष्ट. गोळी घेतली आणि कामात जेवण दीड तास लांबलं. घरी आले तर किल्ली कुलपात जाईना. तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा किल्ली हातातून पडली. कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि राग कसला येतोय तेच कळत नव्हतं. नवऱ्याने दार उघडलं तर मी त्याच्यावरच खेकसले. मीटरवर ५६. मग मी समोर दिसेल ते खात सुटले, आणि दोन तासांनी २६२.

त्या दिवशी मला जे माहीत नव्हतं ते असं: १५ ग्रॅम जलद साखर घ्यायची आणि १५ मिनिटं थांबायचं. १५ ग्रॅम म्हणजे पाण्यात विरघळवलेली सुमारे चार सपाट छोटे चमचे साखर, किंवा साधारण सव्वाशे मिलिलीटर फळाचा रस, किंवा पाकिटावर पाहून तेवढ्या ग्लुकोजच्या गोळ्या. चॉकलेट, मिठाई नको. त्यातल्या चरबीने साखर पोहोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. वर आली आणि पुढच्या जेवणाला अजून वेळ असेल तर थोडं काही खा. ती पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, मेंदू 'अजून खा' म्हणून ओरडत असतो. घड्याळ समोर ठेवून बसा.

अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही औषधं साध्या साखरेचं आतड्यात विघटनच लांबवतात, त्यामुळे अशा वेळी साखर-पाणी वेळेवर कामाला येत नाही. शुद्ध ग्लुकोजच हवं, पावडर किंवा गोळ्या. ते खिशात ठेवा.

घरच्यांना आजच सांगून ठेवा: मी बेशुद्ध झाले किंवा गिळू शकत नसले तर तोंडात काहीही घालायचं नाही, घास श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी ग्लुकागॉन (साखर चटकन वर आणणारं तातडीचं औषध) दिलेलं असेल तर ते द्यायचं आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. हे त्यांना तुम्ही शुद्धीवर असतानाच कळायला हवं. गाडी चालवण्याआधी मोजायची सवय लावा. दारू यकृताला साखर सोडण्यापासून रोखते, त्यामुळे उपाशीपोटी दारू आणि ही औषधं ही जोडी रात्री झोपेत घात करू शकते. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर साखर खाली गेल्यावर धडधड, थरथर नीट जाणवत नाही, घाम मात्र येतो.

बऱ्याच काळ साखर ३०० च्या घरात राहिलेल्या माणसाला ती १३० वर आली तरी 'लो' झाल्यासारखं, म्हणजे साखर फार खाली गेल्यासारखं वाटतं. मोजून खात्री करा. काही आठवड्यांत शरीराला नव्या पातळीची सवय होते. आणि आठवड्यात दोनदा लो झालात तर स्वतःला दोष देऊ नका. औषधाचं गणित बसलेलं नाही, डॉक्टरांना फोन करा.

पायरी ८: गोळ्या आणि इन्सुलिनबद्दल थोडं

आकडे चांगले आले म्हणून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळेही चांगले आलेले असतात. मेटफॉर्मिन यकृतातून येणारी साखर कमी करते. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून जेवणाबरोबर घ्यावी. त्रास टिकला तर सावकाश विरघळणाऱ्या गोळीबद्दल विचारा. अनेक वर्षं घेत असाल तर बी-१२ तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्या चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा.

इन्सुलिन सुरू करायला सांगितलं की लोक ढसाढसा रडतात, मी पाहिलं आहे. टाइप २ मध्ये स्वादुपिंडाची ताकद वर्षांगणिक कमी होते, म्हणून औषध वाढवावं लागतं. ती तुम्हाला झालेली शिक्षा नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, गोठू देऊ नका. टोचण्याची जागा बदलत राहा. एकाच जागी टोचलं की गाठी येतात आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त उतरतं. साखर विनाकारण वरखाली होत असेल तर आधी पोटावरून हात फिरवून गाठी आहेत का बघा.

'मधुमेह मुळापासून बरा' असं सांगणारी चूर्णं आणि शिबिरं तुमच्यापर्यंत येतील. वजन बरंच कमी केल्यावर, विशेषतः पहिल्या काही वर्षांत, अनेकांची साखर औषधाशिवाय आटोक्यात येते हे खरं आहे. कुठल्याही औषधाशिवाय किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिली तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. तेव्हाही तपासण्या चालूच ठेवायच्या असतात, कारण साखर परत येऊ शकते. कुणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, हे मी हात जोडून सांगते.

पायरी ९: आजारी पडलात तर

ताप, जंतुसंसर्ग, स्टिरॉइड यांनी साखर चढते, तोंडात अन्नाचा कण नसला तरी. 'जेवलो नाही म्हणून इन्सुलिन घेतलं नाही' ही चूक करू नका. डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा. उलट्या, जुलाब होत असतील तर मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या थांबवायच्या का, तेही त्याच फोनवर विचारा. दर चार तासांनी मोजा, पाणी घोट घोट घेत राहा. उलट्या थांबत नसतील, श्वास जोरजोरात चालत असेल, श्वासाला फळासारखा वास येत असेल, माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल किंवा साखर ३०० च्या खाली यायलाच तयार नसेल, तर घरी थांबू नका. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांवर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं, म्हणून तिथे आकड्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवा.

पायरी १०: वही घेऊन डॉक्टरांकडे

वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, पावलांची संवेदना, कोलेस्टेरॉल आणि दात. टाइप २ मध्ये डोळे निदान झाल्या झाल्याच दाखवायचे, कारण साखर किती वर्षं वाढलेली होती ते कुणालाच ठाऊक नसतं. रक्तदाब प्रत्येक भेटीत. पावलं तुम्ही स्वतः रोज रात्री बघायची, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा.

भेटीच्या आदल्या रात्री वही उघडा. ज्या जोडीत सगळ्यात मोठी उडी आहे तिच्याभोवती लाल गोल काढा, ७० च्या खालच्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा. पंधरा पानांचे आकडे वाचायला डॉक्टरांकडे वेळ नसतो, पण एक लाल गोल दोन सेकंदांत दिसतो. दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावला असेल तर दिवसातला किती टक्के वेळ साखर ७० ते १८० मध्ये होती तो आकडा दाखवा. बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांच्या वर असावा. चुकवलेल्या गोळ्याही खऱ्या खऱ्या सांगा, नाहीतर न घेतलेल्या गोळीवर दुसरी गोळी वाढते. आणि उठण्याआधी वहीच्या त्याच पानावर लिहून घ्या: पुढची एचबीए१सी कोणत्या महिन्यात, गोळी चुकली तर काय करायचं, आणि रात्री-अपरात्री साखर खाली गेली तर फोन कोणत्या नंबरवर करायचा.